पाचवे शील आणि आपले लिव्हर



आपल्याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली आपल्या माणसांनी पाण्यासाठी मार खाल्ला. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याचीही आहे. पाचवे शील तेच सांगते.

दारू लिव्हर पचवते. त्यावर आधी चरबी चढते, मग सूज, मग ते कडक होते. बराच काळ दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो. पुढे कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी. दारूत मिथेनॉल असले तर डोळे जातात, जीवही जातो. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे अशीच गेली.

रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येऊ शकतात. डॉक्टरला विचारूनच सोडवा. हिणवू नका, दवाखान्यात न्या. शील नुसते म्हणायचे नसते, पाळायचे असते.

जयभीम! नमो बुद्धाय!