धाक, स्वसंरक्षण आणि अनेकांतदृष्टी



जैन आचारशास्त्रात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद मानले जातात. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा श्रावकाला सर्वथा त्याज्य होय. परंतु आक्रमणापासून स्वतःचे, आश्रितांचे वा देशाचे रक्षण करताना घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, हे वास्तवही शास्त्राने जाणले आहे. प्रश्न उरतो तो हा की, रक्षण कोठे संपते आणि आक्रमण कोठे सुरू होते?

ऑक्टोबर १९६२ मध्ये सारे जग याच प्रश्नापाशी श्वास रोखून उभे होते. सोव्हिएत रशियाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे आणली होती. ती क्यूबाच्या रक्षणार्थ आहेत, असे ख्रुश्चेव्ह यांचे म्हणणे. अमेरिकेनेही तुर्कस्तानात क्षेपणास्त्रे ठेवली होती, तीही रक्षणार्थच! एकाची ढाल दुसऱ्याला तलवार भासत होती.

२७ ऑक्टोबर रोजी क्यूबावर अमेरिकेचे टेहळणी विमान पाडले गेले आणि वैमानिक प्राणास मुकला. तात्काळ हल्ला करावा, असा सेनानींचा आग्रह होता. मॉस्कोत राजदूत राहिलेले ल्युएलिन थॉम्पसन ख्रुश्चेव्ह यांना जवळून ओळखत. ‘आपण क्यूबा वाचविला’ असे स्वजनांना सांगता आले तर ते माघार घेतील, असे थॉम्पसन यांनी अध्यक्ष केनेडी यांना सुचविले. केनेडींनी क्यूबावर आक्रमण न करण्याचे आश्वासन देऊ केले आणि तुर्कस्तानातील क्षेपणास्त्रे हटविण्याची ग्वाही गुप्तपणे दिली. दुसऱ्याच दिवशी ख्रुश्चेव्ह यांनी क्षेपणास्त्रे परत नेण्याचे घोषित केले. पुढे १९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांत थेट संपर्कव्यवस्था उभारली गेली आणि अणुचाचण्यांवर अंशतः बंदी घालणारा करारही झाला.

धाकाने दोघांचेही हात रोखून धरले, हे नाकारता येणार नाही. पण धाक केवळ थांबवू शकतो, वाट दाखवू शकत नाही. ती वाट प्रतिपक्षाच्या आसनावरून पाहणाऱ्या दृष्टीने दाखविली. हीच अनेकांतदृष्टी होय. तीत शरणागती नाही. त्या दिवसांत अमेरिकेने सागरी नाकेबंदी उठविली नव्हती. समर्थाने दुसऱ्याचे भय ओळखणे, हाच तिचा सार आहे.

पर्युषणानंतरची क्षमापना बहुधा आप्तेष्टांतच होते. ज्याच्याशी वैर आहे, त्याचाच उंबरा तेवढा ओलांडला जात नाही. क्षमापनेची खरी कसोटी मात्र त्याच उंबऱ्यावर आहे.

जय जिनेंद्र!