गाडीच्या क्रीम रंगाच्या सीट्स: मळ, डाग आणि उपाय



न्यू जर्सीतला बर्फ एकदाचा वितळला, गुढीपाडवा जवळ आला, आणि घरोघरी साफसफाई सुरू झाली. बाहेरून गाडीही आपण धुऊन आणतो, कारण रस्त्यावरचं मीठ पत्रा खातं हे आता सगळ्यांना माहीत आहे. पण दार उघडून आत बघा. घेताना हौसेनं निवडलेल्या क्रीम किंवा बेज रंगाच्या सीट्स आता कशा दिसतात? ड्रायव्हरच्या सीटची बाहेरची कड काळपट, बसायच्या जागी जीन्सची निळी झाक, मागे मुलांच्या बुटांचे ठसे आणि कुठेतरी डब्यातून सांडलेल्या आमटीचा पिवळा डाग. आज याच विषयावर बोलतो.

हा विषय घेण्याचं कारण पैशांचं आहे. आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या लीजवर आहेत. कुणाची मुदत संपत आली आहे, कुणी दुसऱ्या राज्यात चाललंय, कुणी सगळं आवरून भारतात परततंय. गाडी परत देताना किंवा विकताना आतल्या डागांचे आणि उडालेल्या रंगाचे पैसे कापले जातात. त्या धास्तीनं माणूस शेवटच्या आठवड्यात हाताला येईल ते घेऊन सीट घासतो, आणि डागासोबत रंगही निघून येतो. मळ निघू शकतो, निघालेला रंग मात्र परत चढवावा लागतो. आजच्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे.

आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते पाहा. पुष्कळ गाड्यांत आपण ज्याला लेदर म्हणतो ते लेदर नसतंच. टोयोटाचं सॉफ्टेक्स, मर्सिडीजचं एमबी-टेक्स, टेस्लाच्या पांढऱ्या सीट्स हे सगळे कृत्रिम प्रकार आहेत. काही गाड्यांत बसायचा भाग खऱ्या कातड्याचा आणि बाजू, पाठ वगैरे व्हिनाइलची असते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं. खरं लेदर असलं तरी आजच्या बहुतेक गाड्यांत त्यावर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक पॉलीयुरेथेनचा पातळ थर असतो. म्हणजे आपण कातडं साफ करत नाही, त्यावरचा रंग आणि लेप साफ करतो. खात्री करायची तर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच बसून राहिला तर लेप आहे. थेंब मुरला आणि जागा गडद झाली तर लेदर उघडं आहे. असं लेदर महागड्या गाड्यांत क्वचित असतं. ते घरी साफ करायच्या फंदात पडू नका, जाणकाराकडे न्या.

दुसरी गोष्ट चकाकीची. सीट चकाकते म्हणजे ती छान आहे असं आपल्याला वाटतं, पण बहुतेक वेळा ते उलट असतं. कारखान्यातून आलेली सीट मंद दिसते, तिला तुकतुकी नसते. वापरून वापरून आलेली चमक म्हणजे अंगाचं तेल, घाम आणि धूळ यांचा बसलेला थर. ओलं पांढरं फडकं सीटच्या कडेवर एकदा फिरवून बघा, काय ते कळेल.

आता प्रत्यक्ष काम. साहित्य फार लागत नाही: गाडीच्या लेदरसाठी मिळणारा सौम्य, पाण्यावर आधारित क्लीनर, घोड्याच्या केसांचा किंवा तसाच मऊ ब्रश, आणि पाच-सहा पांढरी मायक्रोफायबर फडकी. फडकी पांढरीच घ्या, म्हणजे मळ निघतोय की रंग, हे लगेच दिसतं. घासल्यावर फडकं करडं झालं तर मळ, सीटच्याच रंगाचं झालं तर थांबा. या सगळ्याचा खर्च चौघांच्या बाहेरच्या एका जेवणापेक्षा जास्त होत नाही.

मी आयटीत आहे. चालू सिस्टीमवर कुठलाही बदल थेट टाकायचा नाही, आधी टेस्टमध्ये चालवून पाहायचा, हा आमच्याकडचा नियम. इथेही तेच करा. सीटच्या खालच्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी क्लीनर लावा, पुसा, वाळू द्या आणि मगच पुढे जा.

गाडी सावलीत लावा, तापलेल्या सीटवर काम करू नका. आधी व्हॅक्यूम करा, शिवणी आणि खाचा नीट उघडून करा. धूळ आणि वाळूचे कण राहिले तर ब्रश फिरवताना तेच सँडपेपरचं काम करतात. मग क्लीनर सीटवर न मारता ब्रशवर किंवा फडक्यावर घ्या. बारीक छिद्रांच्या सीट्सना तर हे फारच जपायला हवं, कारण छिद्रांतून पाणी आतल्या फोममध्ये उतरतं. वीतभर जागा घ्या, हलक्या हातानं गोल फिरवून फेस करा आणि फेस वाळायच्या आत पुसून काढा. वाळला तर सुटलेला मळ पुन्हा तिथेच बसतो. मग साध्या पाण्यानं ओलसर केलेलं फडकं फिरवा आणि शेवटी कोरडं. पुढची वीत घ्या. वर्षानुवर्षांचा मळ एका फेरीत निघत नाही. जोर वाढवू नका, फेऱ्या वाढवा. तीन फेऱ्यांनंतर जो फरक दिसतो तो पाहून घरचे विचारतील, सीट बदलली का!

आता एकेक डाग घेऊ.

जीन्सचा निळा रंग. जीन्समधली नीळ पाण्यात विरघळत नाही. ती सुताच्या वरवर बसलेली असते, म्हणून घासली की दुसरीकडे लागते. नवी जीन्स, उकाडा आणि घाम एकत्र आले की जास्त लागते. आठवड्याभरात पुसली तर बहुतेक वेळा निघते. वर्षभर राहिली तर लेपात मुरते, मग ती थोडी फिकी होईल, पूर्ण जाईलच असं नाही.

हळद. हा खास आपला डाग. हळदीवर साबण, बेकिंग सोडा किंवा अमोनियाचा क्लीनर लावला की पिवळा डाग लाल-तपकिरी होतो. कपडे धुताना आपण हे पाहिलेलं आहे. पूर्वी हळदीपासून कुंकू करत तेही याच गुणावर. म्हणून आमटी सांडली तर आधी चमच्यानं उचला, कोरड्या कागदानं टिपा, मग सौम्य लेदर क्लीनर वापरा. टिपा म्हणतोय, घासू नका. थोडी पिवळी झाक राहिलीच तर घाबरू नका, हळदीचा रंग उजेडात टिकत नाही. गाडी काही दिवस उजेडात उभी राहिली की झाक उतरत जाते.

बॉलपेनची शाई. इथे वेळ महत्त्वाचा. त्याच दिवशी लेदरसाठीचा शाई काढायचा स्टिक वापरला तर आशा असते. इंटरनेटवर सांगतात तसा हेअरस्प्रे किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. शाई पसरते आणि लेप विरघळतो.

दूध. दिसायला काही नाही, पण शिवणीत उतरलं की उन्हाळ्यात गाडीत बसवत नाही. शिवण दाबून दाबून टिपून घ्या आणि दारं उघडी ठेवून पूर्ण वाळवा.

काय वापरू नये, तेही सांगतो. मॅजिक इरेजर हा खरं तर अतिशय बारीक सँडपेपर आहे. त्यानं डाग जातो कारण वरचा थरच जातो. व्हिनेगर, ब्लीच, भांड्यांचा साबण हे स्वयंपाकघरातच राहू द्या. सॅनिटायझर, सनस्क्रीन आणि डासांचा स्प्रे यांनी लेप मऊ पडतो, तेव्हा हात वाळल्यावरच गाडीत बसा. आणि आपला आवडता उपाय, खोबरेल तेल. लेप असलेल्या लेदरमध्ये ते मुरत नाही, वरच राहतं, धूळ धरतं आणि कपड्यांना लागतं. चामड्याच्या चपलेला तेल देतात ती गोष्ट वेगळी.

सुरक्षेचं थोडं. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग लिहिलेली छोटी पट्टी असते. त्या शिवणीत पाणी सोडू नका आणि तो भाग झाकणारं कव्हर घालू नका. पुढच्या प्रवासी सीटखाली बसणाऱ्याचं वजन ओळखणारा सेन्सर असतो, तीही भिजवू नका. सीटबेल्ट आणि मुलांच्या कार सीटचे पट्टे सौम्य साबण-पाण्याशिवाय कशानंही धुऊ नका, तिखट रसायनानं पट्ट्याची ताकद कमी होते. कार सीटखाली चटई घालायची असेल तर आधी कार सीटचं मॅन्युअल वाचा, काही कंपन्यांना ती चालत नाही.

मळ काढल्यावर ड्रायव्हरच्या कडेचा रंगच गेलेला दिसला तर? तो परत चढवता येतो. गाडीच्या रंगाशी जुळणारा, पाण्यावर आधारित लेदरचा रंग मिळतो. आतल्या रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. जागा पूर्ण तेलविरहित करायची, अगदी बारीक सँडपेपर हलकाच फिरवायचा, स्पंजनं पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर वाळवायचा आणि शेवटी पारदर्शक लेप. तळव्याएवढ्या जागेसाठी घरी जमतं. लेदर फाटलं असेल, शिवण उसवली असेल किंवा एअरबॅगची बाजू असेल तर जाणकाराकडेच जा.

आता किती खर्च करायचा? एमबीएच्या वर्गातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. आधी किती पैसे घातले ते विसरा, पुढच्या डॉलरमधून काय मिळणार ते पाहा. लीजचे तीन महिने उरलेत, तर फक्त नीट सफाई करा आणि परत देण्याआधीची तपासणी मागून घ्या. बहुतेक ठिकाणी ती मिळते, आणि कशाचे पैसे लागणार ते आधीच कळतं. गाडी विकायची असेल तर सफाई आणि चांगल्या उजेडात फोटो. अजून पाच वर्षं ठेवायची असेल तर रंगाची दुरुस्ती आत्ताच करा. उघडं पडलेलं कातडं घाम पितं, कडक होतं, मग तडकतं, आणि तडा गेला की काम कितीतरी पटीनं वाढतं.

शेवटचा मुद्दा सवयीचा. माझी आई पुण्याहून आली की पहिल्याच दिवशी गाडीत विचारते, "अरे, डोक्याला तेल लावलंय, मागं टेकू का?" आणि पर्स मांडीवर घेऊन तासभर ताठ बसते. पाठीचं दुखणं असलेलं माणूस सीटला जपतंय, हे मला बघवत नाही. मी तिला सांगतो, आई, खुशाल टेक. हेडरेस्टवरचं तेल ओल्या फडक्यानं दोन मिनिटांत निघतं. शनिवारी पेट्रोल भरल्यावर मी हेडरेस्ट, स्टिअरिंग आणि ड्रायव्हरची कड पुसून घेतो. तेल महिनोन्महिने राहिलं तर लेप सोलतं, आठवड्याचं तेल काही करत नाही.

तुमच्याकडेही उन्हाळ्यात आई-वडील, सासू-सासरे येतील. मुलं मागे बसून वडापाव खातील, आणि खावाच. फिकट रंगाची सीट ठेवायची तर मुलांवर ओरडण्यापेक्षा दारात एक फडकं ठेवणं सोपं आहे. तीन महिन्यांतून एकदा नीट सफाई करा आणि त्यावर लेदरचा संरक्षक लेप लावा. त्यामुळे नीळ आणि तेल वरच राहतात, पटकन पुसले जातात.

या शनिवारी एवढंच करून बघा: एक पांढरं फडकं, थोडं पाणी आणि ड्रायव्हरच्या सीटची कड. फडक्याकडे बघून पुढचं ठरवा.

पाडव्याच्या आधीच शुभेच्छा. गाडी जपून चालवा. नमस्कार!