देणारा कोण, घेणारा कोण?



रसायनशास्त्राच्या शिक्षकाच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानास मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाला पाचारण करावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी आलो आहे तो एका जुन्या पत्राचे उत्तर देण्यासाठी.

तरुणपणी मला परिभाषा घडविण्याचा मोठा सोस होता. अँटिमनी हे प्राचीनांच्या अंजनाशी नाते सांगणारे मूलद्रव्य; तेव्हा 'अँटिमोनाइड' या संयुगांसाठी मी 'अंजनिज' हा शब्द योजिला व अभिमानाने सरांना कळविला. इंदूरच्या याच शाळेतून त्यांचे पोस्टकार्ड आले. शब्द गोड आहे. परंतु त्यावरून इलेक्ट्रॉन कोणी दिला आणि कोणी घेतला हे मुलाला कसे उमगावे, एवढेच त्यांनी विचारले होते. मला तो प्रश्न रुक्ष वाटला. मी उत्तर धाडले नाही. पुढे सर गेले.

त्या प्रश्नाचे मर्म मला फार उशिरा, नातीचे पुस्तक चाळताना कळले. अँटिमनीचा अणुक्रमांक 51. त्याच्या बाह्यतम कवचात 5 इलेक्ट्रॉन असतात. आठांची पूर्तता होण्यास तीन हवेत. गंधकाशी संयोग झाला, की इलेक्ट्रॉनांचा ओढा गंधकाकडे असतो. तेथे अँटिमनी देणाऱ्याच्या बाजूस असते, म्हणून त्या संयुगाचे नाव अँटिमनी सल्फाइड. परंतु इलेक्ट्रॉन अधिक सहज सोडणारे, म्हणजे अधिक विद्युत्‌धन मूलद्रव्य भेटले, की भूमिका पालटते. मॅग्नेशियमचे तीन अणू प्रत्येकी दोन इलेक्ट्रॉन देतात. अँटिमनीचे दोन अणू प्रत्येकी तीन घेतात. सहा दिले, सहा घेतले, हिशेब चोख. हे झाले मॅग्नेशियम अँटिमोनाइड. 'आइड' हा प्रत्यय घेणाऱ्यास लागतो. एकच नाम एका वाक्यात कर्ता, तर दुसऱ्यात संप्रदान असते. आम्ही व्याकरणवाले आयुष्यभर हेच शिकवीत आलो, आणि मी मात्र शब्द घडविताना नेमका कारकसंबंधच पुसून टाकला होता!

हा भेद केवळ नावापुरता नाही. अँटिमनी सल्फाइडावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले, तर हायड्रोजन सल्फाइड निघतो. मॅग्नेशियम अँटिमोनाइडावर विरल आम्ल टाकले, तर स्टिबाइन हा अतिविषारी वायू निघतो. ज्याने इलेक्ट्रॉन घेतले, तोच हायड्रोजनला धरून बाहेर पडतो. प्रत्यय न समजणाऱ्या विद्यार्थ्याला हा धोका कसा कळावा?

देणारा तोकडा पडला तर काय होते, हेही मनोरम आहे. सोडियम व अँटिमनी समप्रमाणात असतील, तर प्रत्येक अँटिमनी अणूला एकच इलेक्ट्रॉन मिळतो. त्याचे सहा होतात, टेल्युरियमइतके. उरलेली दोघांची उणीव तो दोन भाऊबंदांशी बंध जोडून भागवितो आणि टेल्युरियमसारख्याच मळसूत्री साखळ्या तयार होतात. अशा संयुगांचा विचार एडुआर्ड झिंटल या जर्मन रसायनज्ञाने रूढ केला. त्याचे नाव आजही त्यांना लावतात.

सीझियम अँटिमोनाइडात घेतलेले धन परत करण्याचीही तयारी दिसते. त्यावर प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात; 1936 पासून मंद प्रकाश टिपणाऱ्या उपकरणांत त्याचा उपयोग होत आला. इंडियमशी मात्र ही देवघेव अर्धीमुर्धीच. तेथे वाटून घेणेच अधिक. हाइनरिख वेल्कर यांनी 1952 मध्ये या वर्गातील संयुगे अर्धवाहक असल्याचे प्रसिद्ध केले. इंडियम अँटिमोनाइड अवरक्त किरण ओळखते. काळोखातील उष्ण वस्तू त्यामुळे 'दिसते'. अंजनाचे काम ते अशा रीतीने करतेच. तेवढ्यापुरती माझी व्युत्पत्ती सरांनी क्षम्य मानली असती.

मित्रहो, माळव्यात राहून मराठीतून विज्ञान शिकविणाऱ्या या शिक्षकाला भाषेचे प्रेम माझ्याहून उणे नव्हते. शब्द मराठी असावा, ही माझी हौस. तो मुलाला समजावा, ही त्यांची काळजी. 'अंजनिज' हा शब्द मी आज आपणां सर्वांसमक्ष मागे घेतो. पोस्टकार्डाचे उत्तर एवढेच आहे. ते त्यांच्या हयातीत द्यावयास हवे होते.