ऐकून लिहिणारा माणूस



संयोजकांनी मला माझ्या पत्रकारितेबद्दल बोलायला सांगितलं आहे. पण मी माझ्याच धंद्यातल्या दुसऱ्या एका माणसाबद्दल बोलतो. तो माझ्यापेक्षा जास्त ऐकण्यासारखा आहे.

त्याचं नाव जेम्स फॉक्स. एकेकाळी लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये असलेला हा पत्रकार. १९४१ साली केनियात एका ब्रिटिश उमरावाचा खून झाला होता. त्याचा माग काढून त्याने ‘व्हाइट मिस्चिफ’ हे पुस्तक लिहिलं, ते १९८२ साली प्रसिद्ध झालं. पुढे २०१० साली ‘लाइफ’ आलं. ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्स याचं हे आत्मचरित्र फॉक्सने त्याच्यासोबत लिहिलं. आपल्याकडच्या अशा पुस्तकांवर लहान टायपात ‘शब्दांकन’ असं छापलेलं असतं ना, तेच हे काम.

लोकांना वाटतं, यात काय मोठं? एकाने बोलायचं, दुसऱ्याने उतरवून घ्यायचं. पण हा कीथ आयुष्यभर नशापाण्यासाठी गाजलेला. त्याच्या आठवणींवर किती विसंबायचं? ‘लाइफ’मध्ये त्याचा एकट्याचाच आवाज नाही. मधूनमधून त्याचा मुलगा मार्लन बोलतो, गायक टॉम वेट्स बोलतो.

आणि त्यात एक पत्र आहे. ते मात्र तुम्हाला सांगायलाच हवं. कीथ आणि मिक जॅगर हे डार्टफर्ड गावातल्या एकाच प्राथमिक शाळेतले. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९६१ साली ते गावच्या रेल्वे स्टेशनवर पुन्हा भेटले आणि त्यातून बँड उभा राहिला. ही गोष्ट सांगताना सगळे म्हणतात, मिकच्या काखेत रेकॉर्ड्स होत्या, त्या पाहून कीथ थबकला. पण १९६२ मध्ये कीथने पॅटी मावशीला पत्र लिहून ही भेट कळवली होती. त्यात तो म्हणतो की चक बेरीची रेकॉर्ड आपल्याच हातात होती आणि प्राथमिक शाळेतला एक ओळखीचा मुलगा जवळ आला. मावशीने ते पत्र जपलं, म्हणून त्या सकाळची ताजी हकीकत आपल्याला मिळाली. दोघांकडेही रेकॉर्ड्स असतील. पण पत्र नसतं तर एकच बाजू उरली असती.

आता आपल्याकडे येऊ. गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर केवढा वाद झाला! स्नेहसंमेलनात नाटक चालू असताना वीज गेली, तेव्हा कंदील कोणी आणला? पीटीच्या सरांनी की शिपाईमामांनी? तीन दिवस भांडण चाललं. समोर बसलेल्या बाईंना विचारायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

आपले काही शिक्षक आज आपल्यात नाहीत. त्यांच्याबरोबर शाळेचा तेवढा भाग गेला. जे इथे बसले आहेत, त्यांच्या नोकरीचे पहिले दिवस, तेव्हाचा पगार, पावसात गळणारे वर्ग, फी भरू न शकणारी मुलं यातलं आपल्याला काय ठाऊक आहे? आपण बाकावरून पाहिलेली शाळा सांगतो. टेबलाच्या पलीकडून ती कशी दिसत होती, ते अजून कोणी लिहून घेतलेलं नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. प्रत्येक तुकडीने दोन शिक्षक वाटून घ्यावेत. त्यांच्या घरी जावं, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावं. प्रश्न लहान विचारावेत. ‘शाळेबद्दल सांगा’ म्हटलं की भाषण मिळतं. ‘पहिल्या दिवशी डबा कुठे बसून खाल्लात?’ म्हटलं की गोष्ट मिळते. जुने फोटो, वह्या, पत्रं मागून पाहावीत. ऐकलेलं आणखी दोघांकडून पडताळावं. आणि लिहिताना त्यांची भाषा गुळगुळीत करू नये. बाईंचं ‘कार्ट्यांनो’ हे ‘कार्ट्यांनो’च राहू द्या, त्याचं ‘विद्यार्थी मित्रहो’ करू नका.

आपलं नाव लहान टायपात आलं तरी चालेल. दाराशी टेबलावर शिक्षकांच्या नावांची यादी ठेवली आहे. चहाला जाण्याआधी एकेका नावापुढे आपलं नाव लिहा, आणि दिवाळीच्या सुट्टीत कधी येऊ, हे त्यांना आत्ताच विचारून घ्या.