सार्वजनिक म्हणजे नक्की कोणाचे?

(गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, रुळांच्या देखभालीचे काम करणारा माणूस आहे. समितीने मला विषय दिला, 'सामाजिक जबाबदारीचा ऱ्हास'. विषय भारदस्त आहे. पण खरे सांगू का, 'ऱ्हास' हा शब्द मी लहानपणापासून ऐकतो आहे. माझे आजोबा म्हणत, आमच्या वेळी असे नव्हते. वडील म्हणत, आमच्या वेळी असे नव्हते. आता मीही मुलांना तेच ऐकवतो आणि मुले मोबाईलमधून मान वर न काढता "हो बाबा" म्हणतात! म्हणून ऱ्हास झाला की नाही, हा वाद मी बाजूला ठेवतो. मला रुळाशेजारून जे दिसते तेवढेच सांगतो.

आपण गाडीत खिडकीच्या आत बसता. आम्ही खिडकीच्या बाहेर असतो. त्यामुळे खिडकीतून जे बाहेर येते ते आमच्या वाट्याला येते. चहाचे कप, पुरीभाजीच्या फॉइलच्या थाळ्या, पाण्याच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, लहान मुलांचे डायपर. एकदा तर अख्खे लग्नाचे जेवण पत्रावळींसकट आले होते. लोकांना वाटते, रुळावर तर टाकले, तिथे कोण बसले आहे? पण रुळाखालच्या खडीला एक काम असते. पावसाचे पाणी तिच्यातून निचरून गेले पाहिजे. खडीच्या फटीत प्लॅस्टिक आणि घाण बसली की पाणी अडते, खाली चिखल होतो, वरून गाडी गेली की तो चिखल पिचकारीसारखा वर येतो आणि रुळाची पातळी बिघडते. मग आम्ही वेगमर्यादा लावतो, आणि गाडी लेट झाली की तेच प्रवासी रेल्वेच्या नावाने बोटे मोडतात.

मुंबईत तर रुळांलगतचा कचरा उचलायला खास गाड्या चालवाव्या लागतात. 'मक स्पेशल' म्हणतात त्यांना. जगात माल वाहणाऱ्या गाड्या असतात, माणसे वाहणाऱ्या असतात. आपल्याकडे कचरा वाहणारीही आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसापुढे कोणतेही शहर हात टेकेल, हे मान्य. पण तुंबलेल्या गटारांत आणि नाल्यांत प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे बोळे सापडले, त्या पिशव्या काही आकाशातून पडल्या नव्हत्या.

आता दुसरी बाजू. २ ऑक्टोबर २०१९ ला रेल्वेने स्वच्छता सर्वेक्षणाचे निकाल जाहीर केले. उपनगरी स्थानके वगळून देशातल्या बाकी स्थानकांत पहिला नंबर कोणाचा? आपल्या जयपूरचा! दुसरा जोधपूरचा आणि तिसरा आपल्याच दुर्गापुऱ्याचा. आम्हा उत्तर पश्चिम रेल्वेवाल्यांची कॉलर त्या दिवशी ताठ होती, आणि का असू नये? पण मला त्यात एक गंमत दिसते. जो प्रवासी जयपूरच्या एक नंबर फलाटावर रिकामा कप हातात धरून कचराकुंडी शोधतो, तोच माणूस गाडी सुटून शहर मागे पडले की दुसरा कप खिडकीतून भिरकावतो. माणूस तोच, कप तसाच, मधे जेमतेम अर्धा तास. मग अर्ध्या तासात त्याच्या संस्कारांचा ऱ्हास झाला काय?

मला वाटते, तसे नाही. फलाटावर त्याला दिसते की ही जागा कोणीतरी सांभाळते आहे. शेतातून जाणाऱ्या रुळावर त्याला कोणी दिसत नाही. म्हणजे प्रश्न माणूस चांगला की वाईट हा नाही. ती जागा कोणाची आहे असे त्याला वाटते, हा प्रश्न आहे.

इथे कोणी म्हणेल, आता सिंगापूरची गोष्ट सांगा. सांगणार नाही. तिथे १९६८ पासून मोहीम आणि जबर दंड दोन्ही आहेत, ते आपण सगळे ऐकून आहोत. मी आपल्या मुंबईची सांगतो.

आपण जयपूरकर म्हणतो, आपल्याला कुठे समुद्र आहे? चौपाटीची चिंता मुंबईकरांनी करावी. पण नकाशा काढून बघा. आपल्या शहरातून जाणारी द्रव्यवती, जिला कालपरवापर्यंत सगळे अमानीशाह नाला म्हणत, ती पुढे ढूंढ नदीला मिळते. ढूंढ मोरेलला, मोरेल बनासला, बनास चंबळला, चंबळ यमुनेला, यमुना गंगेला. म्हणजे इथे नाल्यात टाकलेली पिशवी, वाटेत कुठे अडकली नाही, तर थेट बंगालच्या उपसागरात! ४७ किलोमीटरच्या द्रव्यवतीवर मोठा खर्च करून काठ बांधले, बागा केल्या, २ ऑक्टोबर २०१८ ला लोकार्पण झाले. आणि आज पहिला मोठा पाऊस झाल्यावर पुलावर उभे राहून खाली बघा. मी बघतो. जास्त काही बोलत नाही.

तर मुंबईची गोष्ट. वर्सोव्याला अफरोज शाह नावाचे एक तरुण वकील समुद्राजवळ राहायला आले. खिडकीतून समुद्र दिसायचा आणि त्याच्या अलीकडे कचरा दिसायचा, काही ठिकाणी तर गुडघ्याच्या वर. ऑक्टोबर २०१५ मध्ये ते आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी, असे दोघेच खाली उतरले आणि हाताने कचरा उचलू लागले. ८४ वर्षांचे, बरे का! आपल्याकडे साठी उलटली की माणूस म्हणतो, आता आमच्याकडून होत नाही. पुढच्या शनिवार-रविवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. हळूहळू आजूबाजूचे लोक आले, कोळी बांधव आले, शाळेची मुले आली, सिनेमावाले आले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांना 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' हा सन्मान दिला.

मला या गोष्टीत सन्मानापेक्षा दुसरीच दोन प्रकरणे महत्त्वाची वाटतात. पहिले असे की, उचललेल्या जागी समुद्र पुन्हा कचरा आणून टाकत होता. भरती आली की नवा थर. कारण तो कचरा नाल्यांतून, खाडीतून समुद्रात जात होता आणि समुद्र ज्याचे त्याला परत करत होता. तरी हे लोक दर आठवड्याला येत राहिले. दुसरे असे की, नोव्हेंबर २०१७ मध्ये शाह यांनी काम थांबवत असल्याचे जाहीर केले. का? तर स्वयंसेवकांना गुंडांकडून शिवीगाळ झाली आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचललाही जात नव्हता. घाण करणाऱ्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत, काढणाऱ्याला दिल्या! पुढे शासनाने लक्ष घातले, काम पुन्हा सुरू झाले. आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची सुमारे ८० पिल्ले निघून समुद्राकडे गेली. कित्येक वर्षांत तिथे असे कोणी पाहिले नव्हते.

कचरा आणि दांडगाई ही दोन प्रकरणे आपण वेगवेगळी धरतो. एक नगरपालिकेचे, एक पोलिसांचे. आम्ही रेल्वेवाले दोन्ही एकाच रुळावर बघतो.

३० नोव्हेंबर २००६ ला उल्हासनगरजवळ जमावाने डेक्कन क्वीनचे डबे पेटवले. ही गाडी १ जून १९३० पासून मुंबई-पुणे धावते आहे. इथे बसलेल्या कित्येकांचे आईवडील तिच्या पासावर नोकरी करून निवृत्त झाले असतील. ज्या कारणाने लोक चिडले ते कारण खोटे नव्हते, राग खराच होता. पण त्या डब्यांचा त्या कारणाशी काय संबंध होता? मग आपल्या राजस्थानात २००७ चे आंदोलन झाले, २००८ ला पुन्हा झाले, बयानाजवळ दिल्ली-मुंबईचा मुख्य मार्ग कित्येक दिवस बंद पडला, रूळ उखडले गेले. मागणी बरोबर की चूक, हा माझा विषय नाही. मी सरकारी नोकर आहे, आणि तसाही आपल्या हक्कासाठी भांडणाऱ्याला नावे ठेवणे मला आवडत नाही. मी फक्त रुळापुरते बोलतो.

मुख्य मार्गावर एका किलोमीटरला साधारण १६६० काँक्रीटचे स्लीपर असतात. प्रत्येकाला चार क्लिपा. म्हणजे किलोमीटरला ६६४० क्लिपा. उखडायला शे-दोनशे माणसे आणि एक दुपार पुरते. नंतर एकेक क्लिप बघायची, जोड बघायचे, पातळी घ्यायची, आणि तरी पहिली गाडी बैलगाडीच्या चालीने न्यायची. त्या वेळी ड्रायव्हरच्या शेजारी जो उभा असतो ना, त्याच्या पोटात काय होते ते त्यालाच ठाऊक.

२००७ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या मोडतोडीची दखल घेतली. न्यायमूर्ती के. टी. थॉमस आणि फली नरीमन यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या नेमल्या आणि १६ एप्रिल २००९ ला निकाल दिला की, नुकसान करणाऱ्यांबरोबर आयोजकांकडूनही भरपाई घेता येईल. कायदा तर १९८४ पासूनच आहे. तरी २०२२ च्या जूनमध्ये सैन्यभरतीच्या नव्या योजनेवरून बिहारमध्ये आणि सिकंदराबादला गाड्या जळल्याच. ज्या मुलांना देशाच्या नोकरीत जायचे होते, त्यांनीच देशाचे डबे जाळले, याला काय म्हणावे?

आणि धावत्या गाडीवर दगड मारणारी मुले! त्यांच्याशी मी बोललो आहे. ती काही गुन्हेगार नसतात, नेम लागतो का बघत असतात. मी त्यांना हिशेब सांगतो: अरे, तू दगड नुसता हवेत धरलास तरी ताशी ११० च्या गाडीतल्या माणसाला तो ११० च्या वेगाने लागतो. खिडकीत तुझ्यासारखाच एखादा मुलगा बसलेला असतो. हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. त्यांना गाडी दिसते, आतला माणूस दिसत नाही.

आता मूळ शब्दाकडे येतो. आपण म्हणतो 'सार्वजनिक गणेशोत्सव'. हा 'सार्वजनिक' शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुजवण्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेचा मोठा वाटा आहे. २ एप्रिल १८७० ला ती स्थापन झाली. तिचे आधारस्तंभ गणेश वासुदेव जोशी यांना तर लोक 'सार्वजनिक काका'च म्हणू लागले. या सभेचा एक नियम मला फार आवडतो. तिचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे "मी जनतेच्या वतीने बोलतो" असे म्हणण्याआधी, कोणत्या जनतेच्या वतीने, ते कागदावर दाखवावे लागे. जोशी त्या पन्नासांना जबाबदार, ते पन्नास जोशींना ओळखणारे. आणि आज पाचशेचा जमाव येतो, त्यात एकाचीही सही नसते. सगळ्यांचा राग, पण कोणाचेच नाव नाही. कचऱ्याचेही तेच. समुद्रावरच्या एकाही बाटलीवर टाकणाऱ्याचे नाव नसते.

आमच्या रेल्वेत एक माणूस आहे, ज्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्याला कीमन म्हणतात. की म्हणजे किल्ली. जुन्या काळी रूळ किल्ल्या ठोकून घट्ट बसवत, त्या सैल झाल्या की ठोकायचे काम त्याचे. किल्ल्या गेल्या, क्लिपा आल्या, नाव राहिले. तो रोज पाच-सहा किलोमीटरचा आपला बीट चालतो. खांद्यावर हातोडा आणि पाना, पिशवीत लाल झेंडी आणि फटाके. मे महिन्याच्या उन्हात फुलेऱ्याकडे चालून बघा, म्हणजे कळेल! त्याला कोणी सामाजिक जबाबदारीवर व्याख्यान दिलेले नाही. पण त्याच्या बीटमधली एक क्लिप निघाली तरी त्याला ती घरच्या दाराची कडी निघाल्यासारखी वाटते. एकाला मी विचारले होते, दादा, एवढ्या क्लिपा, कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "साहब, ये मेरा टुकड़ा है।" देशाचे रूळ असे नाही म्हणाला. माझा तुकडा म्हणाला.

वर्सोव्यातल्या त्या दोघांनीही अरबी समुद्र साफ करायला घेतला नव्हता. आपल्या खिडकीसमोरचा तुकडा घेतला होता.

गाडगेबाबांचे नाव घेतल्याशिवाय मराठी माणसाचे स्वच्छतेवरचे भाषण पुरे होत नाही, आणि होऊही नये. ते गावात शिरले की आधी रस्ता झाडायला घेत आणि कीर्तन रात्री. झाडणे आधी, बोलणे नंतर. मी आज क्रम उलटा केला आहे, कारण समितीने बोलायलाच बोलावले!

तेव्हा झाडण्याचे सांगतो आणि बसतो. अनंत चतुर्दशीला आपण विसर्जन करू. दरवर्षी दुसऱ्या दिवशी आपण घरी झोपा काढतो आणि निर्माल्य, थर्माकोल, गुलालाच्या पिशव्या तिथेच राहतात. समितीशी माझे बोलणे झाले आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला विसर्जनाच्या जागी जमायचे. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी द्रव्यवतीचा मानसरोवरकडचा दोनशे मीटरचा काठ आपण घ्यायचा. दोनशेच मीटर, जास्त नाही. शेजारी चहाची टपरी आहे, तिच्या मालकाला मी आधीच भेटलो आहे; तो म्हणाला, साहब, आप लोग दो बार आओगे, तीसरी बार नहीं आओगे। त्याचे म्हणणे मी इथे मुद्दाम सांगतो आहे. बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. येणाऱ्याने तीत नाव लिहून सही करायची. पन्नास सह्या झाल्या तर सार्वजनिक काकांच्या सभेत आपल्याला एक जागा मिळाली असती. हातमोजे आणि पोती मी आणतो. फावडी दोनच आहेत, कोणाच्या घरी असतील तर घेऊन या.