दार फोडण्यापूर्वीं



आज मी एका तुटलेल्या दाराची हकीकत सांगणार आहें. दार माझेंच होतें, तें फोडणारे माझे हितचिंतक होते, आणि घरांत त्या वेळीं कोणीहि नव्हतें. ऐकणाऱ्याला ही गोष्ट हसण्यासारखी वाटेल. मला मात्र त्या दिवशीं हसूं आलें नाहीं, राग आला. त्या रागाचें पुढें काय झालें, तेंच आपणांस सांगावयाचें आहे.

मी नेरूळला सिडकोनें बांधलेल्या एका इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहतों. पत्नी निवर्तल्यापासून घरांत मी एकटाच. मुलगा परदेशीं असतो. तो रोज सकाळीं आठ वाजतां मला फोन करतो. गेल्या वर्षीं श्रावणांत एका आजारी स्नेह्याच्या समाचारासाठीं मी उरणला गेलों. २०२४ च्या जानेवारीपासून नेरूळची आगगाडी थेट उरणपर्यंत जाऊं लागली आहे. ती गांठण्याच्या घाईंत माझा मोबाइल उशाशींच राहिला.

मुलानें पुनःपुन्हां फोन केला, उत्तर मिळेना. त्यानें शेजाऱ्यांना कळविलें. त्यांनीं घंटा वाजविली, हांका मारल्या. आंत फोन वाजत होता, आणि माणसाची चाहूल नव्हती. ह्याचा अर्थ कोणीहि एकच करील. त्यांनीं ११२ ला फोन लावला. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका ह्या सर्वांसाठीं असलेला हा एकच क्रमांक महाराष्ट्रांत २०२१ सालीं सुरू झाला. महापे किंवा नागपूर येथील केंद्रांत फोन घेतला जातो, आणि तेथून जवळच्या पोलीस-गाडीला वर्दी मिळते. थोड्याच वेळांत पोलीस आले, पाठोपाठ अग्निशमन दलाचे जवान आले, आणि साडेनवाच्या सुमारास माझें दार चौकटीसकट निखळलें.

दुपारीं परतलों तों जिन्यांत गर्दी! शेजारीण डोळे पुशीत होती. एक तरुण शिपाई म्हणाला, “गुरुजी, तुम्ही सुखरूप आहांत, हेंच पुष्कळ झालें.” मीं त्याच्याकडे लक्षहि दिलें नाहीं. माझ्या घराची एक किल्ली पहिल्या मजल्यावरील वहिनींकडे कायम असते. पहांटे पहारेकऱ्यानें मला छत्री घेऊन जातांना पाहिलें होतें. वहिनींना कोणी विचारलें नव्हतें. पहारेकरी रात्रपाळी संपवून घरीं गेला होता, त्याला फोन करण्याचें कोणाला सुचलें नव्हतें. हें सर्व मीं शेजाऱ्यांना सर्वांदेखत, वर्गांतल्या पोराला सुनवावें तसें, सुनावलें. ते गृहस्थ कांहीं न बोलतां घरांत गेले.

तीन आठवडे गेले. आमच्याच इमारतींत एकट्या राहणाऱ्या एक आजी एके सकाळीं न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या. दाराशीं दुधाची पिशवी तशीच पडलेली तिघांनीं पाहिली. एकानें घंटाहि वाजविली. मग “उगीच मास्तरांच्या वेळचा प्रकार नको” असें म्हणून सारे थांबले. चार तासांनीं त्यांचा भाचा आला तेव्हां दार उघडलें. मांडीचें हाड मोडलें होतें. बाई बचावल्या, परंतु अजूनहि काठीवांचून चालूं शकत नाहींत. शेजाऱ्यांच्या चुकीनें माझें दार गेलें. तें सुतारानें दोन दिवसांत बसवून दिलें. माझ्या चुकीनें एक म्हातारी चार तास ओल्या फरशीवर पडून राहिली.

तेव्हांपासून मी विचार करीत आहें, कीं केवळ सद्हेतु पुरेसा आहे काय? आपल्या कायद्यानें ह्याचें उत्तर १८६० सालींच देऊन ठेवलें आहे. भारतीय दंडसंहितेंत असें म्हटलें होतें, कीं जें योग्य काळजी आणि अवधान ठेवून केलेलें नाहीं, तें सद्भावनेनें केलें असें म्हणतां येणार नाहीं. २०२४ च्या जुलैपासून तिच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली, तरी ही व्याख्या कायम आहे. आणि त्याच कायद्यांत दुसरी बाजूहि आहे. संमति देण्याच्या स्थितींत नसलेल्या माणसाच्या हितासाठीं सद्भावनेनें केलेल्या कृत्यानें इजा झाली, तरी तो गुन्हा नव्हे. त्याचीं उदाहरणें मोठीं मार्मिक आहेत. वाघानें माणूस ओढून नेला. त्याला वांचविण्यासाठीं कोणी वाघावर गोळी झाडली आणि ती त्या माणसालाच लागली. घर पेटलें आहे; खालीं लोक घोंगडी धरून उभे आहेत, आणि वरून एकानें मुलाला खालीं सोडलें. हे दोघेहि निर्दोष. वाघ समोर असतां चौकशीला अवकाश नसतो. जेथें अवकाश असतो, तेथें ती करावीच लागते.

ती न केल्यास काय होतें, ह्याचें भयंकर उदाहरण महाराष्ट्रानें पाहिलें आहे. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेकरी भटक्या जमातीच्या पांच निरपराध माणसांना जमावानें ठार मारलें. माझे शेजारी आणि तो जमाव ह्यांची तुलना मी करीत नाहीं. तसें करणें अन्याय होईल. परंतु भीति वाटली कीं विचारणें विसरतें, एवढा धडा त्यांतून घ्यावा. उलट, २०१७ च्या ऑगस्टमध्यें मुंबईच्या एका उपनगरांत परदेशांतून आलेल्या मुलाला बंद घरांत आईचा सांगाडाच आढळला. तेथें दार वेळेवर कोणीच उघडलें नव्हतें. ह्या दोहोंच्या मधून आपणांस वाट काढावयाची आहे.

ती फारशी अवघड नाहीं. एकट्यानें राहणाऱ्यानें घराची किल्ली दोन ठिकाणीं ठेवावी, आणि ती कोठें आहे हें शेजाऱ्यांना व मुलाबाळांना सांगावें. बाहेर जातांना पहारेकऱ्याला एक शब्द सांगावा. आपल्या पोलीस ठाण्यांत नांव नोंदवावें. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयींच्या कायद्याला अनुसरून केंद्र सरकारनें जे नमुना-नियम केले, त्यांत पोलिसांनीं एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यांतून एकदां तरी त्यांना भेट द्यावी असें सांगितलें आहे. शेजाऱ्यांनीं ११२ ला कळविण्यास मुळींच संकोच करूं नये; गाडी येईपर्यंत किल्ली कोणाकडे आहे आणि माणसाला शेवटीं कोणीं पाहिलें, एवढें विचारावें. आंतून कण्हण्याचा आवाज आला, तर मात्र एक क्षणहि दवडूं नये.

आणि ज्याचें दार फुटलें, त्यानें काय करावें? त्यानें प्रथम आभार मानावेत. किल्लीची गोष्ट दुसऱ्या दिवशीं, चहाच्या वेळीं काढावी. मला हें उशिरा समजलें. आजी रुग्णालयांत असतांनाच मी शेजाऱ्यांकडे गेलों आणि क्षमा मागितली. ते म्हणाले, “मास्तर, पुन्हां तुमचा फोन आंत वाजत राहिला, तर मी पुन्हां पोलिसांना बोलावीन, पण आधीं वहिनींना विचारीन.” ह्याहून अधिक मला तरी कांहीं सांगतां येणार नाहीं.