बेटी आणि बेटीसारखी
(अमरावतीच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



आवडता जुना सिनेमा आणि शील, असा विषय तुम्ही मला दिला. मी मुंबईच्या गोदीत पाठीवर माल वाहणारा मॅट्रिक पास माणूस. समीक्षा मला येत नाही. पण बिमल रॉयचा ‘सुजाता’ मी पाच-सहा वेळा पाहिलाय. दर वेळी आवडतो, अन् दर वेळी डोकं फिरतं. दोन्ही खरं.

१९५९चा सिनेमा. कॉलऱ्यात मेलेल्या अस्पृश्य मजुराची तान्ही पोर इंजिनिअर उपेनबाबूच्या घरी वाढते. ती नूतन. उपेनची बायको चारू म्हणजे आपल्या सुलोचनाबाई. पाहुण्यांपुढे चारू पोटच्या रमाला ‘बेटी’ म्हणते अन् सुजाताला ‘बेटीसारखी’. सगळ्या पिक्चरचा जीव या ‘सारखी’त आहे. विटाळ मानणारी बुआजी सोपी, तिच्याशी भांडता येतं. (बुआजी झालेल्या ललिता पवारांचा जन्म येवल्याचा. हिंदू म्हणून मरणार नाही, हे बाबासाहेबांनी १९३५ साली सांगितलं ते याच येवल्यात. योगायोग, पण मला आवडतो.) चारू कठीण. ती मायेनं जेवू घालते अन् मायेनंच उंबरा दाखवते. आमचा एक मुकादम मला ‘घरच्यासारखा’ म्हणायचा. त्याच्या घरचा तांब्या मी कधी पाहिला नाही.

लोक म्हणतात, सुजाताकडून शील शिका. काय शिका? रमा कॉलेजात जाते, ही घर अन् फुलझाडं सांभाळते. अधीरचं प्रेमसुद्धा रमाला देऊन टाकायला निघते. हे शील नव्हे, ही लावलेली सवय आहे. बाबासाहेबांनी शीलाच्या शेजारी विद्या अन् स्वाभिमान ठेवला होता. या पोरीचं ते दोन्ही काढून घेतलं अन् उरलं त्याला शील म्हटलं. त्याच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या मागं आपल्या भूमिहीन बाया तुरुंगात जात होत्या. त्या पडद्यावर कुठं?

शेवटी चारू जिन्यावरून पडते, रक्त लागतं, जुळतं फक्त सुजाताचं. मग ती बेटी होते. अकोल्याला मायला मोबाईलवर दाखवला तेव्हा ती एवढंच बोलली, ‘रगत चालते, मंग पानी काहून चालत नव्हतं?’

गंमत म्हणजे मायच्या सवालाचा जवाब सिनेमातच आहे. मधे स्टेजवर टागोरांची ‘चंडालिका’ होते. ती आपल्या बौद्ध वाङ्मयातली गोष्ट. भिक्खू आनंद चांडाळाच्या पोरीकडं पाणी मागतो. ती जात सांगते, तरी तो पितो. तिच्याकडून काही सिद्ध करून मागत नाही. म्हणजे शीलाची परीक्षा पिणाऱ्याची. बिमलबाबूंना हे ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी तो खेळ मधे घातला. मग शेवटी बाटलीभर रक्ताशिवाय कथा पुढं का सरकेना? मला वाटतं, समोर बसलेल्या तिकीटवाल्या चारूंना दुखवायचं नव्हतं. फुकट बेटी म्हणा, असं म्हणायला छाती लागते.

आपल्या या अमरावतीत इंद्रभुवन थिएटर होतं. १३ नोव्हेंबर १९२७ला तिथं बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी. थिएटरात जमलेल्या त्या वऱ्हाडी माणसांनी कुणाला रक्त देऊ केलं नव्हतं. दार उघडा म्हणाले. सिनेमाच्या बत्तीस वर्षं आधी!

तरी ‘सुजाता’ बघा. नूतनचा चेहरा बघा, टेलिफोनवरचं तलतचं गाणं येतं तेव्हा तर नक्कीच. अन् ती गप्प बसते तिथं तुम्ही काय बोलला असता, ते मला आत्ता सांगा. अकोल्याची एसटी सुटायला अजून तास आहे.